ग्लेन्कोच्या दरीत एक मुक्काम

प्रवासवर्णनांत डोंगर, नद्या, राजवाडे आणि देवालये यांना मानाचे पान मिळते. रात्री जेथे पाठ टेकली त्या जागेची बोळवण मात्र एखाद्या ओळीत होते. हा काहीसा अन्यायच आहे. दिवसा आपण परक्या मुलखाकडे डोळे उघडे ठेवून पाहत असतो. रात्री ते मिटून स्वतःला त्या मुलखाच्या स्वाधीन करतो. अनोळखी छपराखाली निर्धास्त झोप लागणे ही गोष्ट दिसते साधी; पण यजमानाने पाहुण्यावर आणि पाहुण्याने यजमानावर टाकलेला केवढा तरी विश्वास तिच्या मुळाशी असतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ पश्चिम भागात ग्लेन्को नावाची एक दरी आहे. तेथील एका जुन्या आणि सुखसोयींनी युक्त अशा ‘इन’मध्ये गेल्या जून महिन्यात आम्ही एक रात्र काढली. त्या दरीने हा विश्वास एकदा मोडलेला पाहिला आहे, आणि त्यानंतर शतकानुशतके रोज रात्री तो पाळला जातानाही पाहिला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांना ‘इन’ हा शब्द परिचित असतो, पण आपल्याकडे त्याला नेमका प्रतिशब्द नाही. धर्मशाळेत निवारा मिळतो, पण स्वयंपाक आपला आपण करावा लागतो. खाणावळीत जेवण मिळते, पण पथारी पसरता येत नाही. लॉजमध्ये खोली मिळते, पण शेजारच्या खोलीत कोण उतरले आहे हे उजाडेपर्यंत कळत नाही. इनमध्ये या तिन्हींची कामे एका छपराखाली होतात आणि वर गावच्या चावडीची भर पडते. वाटसरू तेथे निजतात. आसपासची माणसे संध्याकाळी तेथेच येऊन बसतात. आणि शेगडीजवळच्या बाकावर दोघांची गाठ पडते.

आमची कन्या आणि जावई ग्लासगो शहरी असतात. त्यांच्यासमवेत सौ. आणि मी मोटारीने निघालो. ग्लासगोपासून ग्लेन्को सुमारे १४५ किलोमीटर आहे. शहर मागे पडले की लॉख लोमंड या विस्तीर्ण सरोवराच्या काठाकाठाने रस्ता जातो. पुढे टिंड्रम हे चिमुकले गाव लागते आणि त्यानंतर रॅनॉख मूर नावाचे ओसाड पठार सुरू होते. तेथे शेत नाही, झाड क्वचितच, घर तर दिसतच नाही. जिकडे पाहावे तिकडे काळसर दलदल, मधूनमधून चमकणारी डबकी आणि त्यांवर उतरलेले ढग. वनस्पती हजारो वर्षे कुजून झालेली ‘पीट’ नावाची काळी माती येथे पसरली आहे. पूर्वी तीच कापून, वाळवून चुलीत जाळीत असत. या पठाराच्या टोकाला, दरीच्या तोंडाशी, एक सुळक्यासारखा पर्वत उभा आहे. त्याच्या गेलिक नावाचा अर्थ ‘एटिव्हचा थोरला गुराखी’ असा होतो. गुराख्याने वाट दाखवावी तसा रस्ता त्याच्या पायथ्यावरून खाली दरीत उतरतो.

ग्लेन्कोची दरी म्हणजे सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या एका ज्वालामुखीचे अवशेष. त्यांना पुढे हिमनद्यांनी कोरून आजचा आकार दिला. आपल्या माळव्याचे पठारही लाव्ह्याचेच आहे, पण ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे त्या मानाने अगदी अलीकडचे. डाव्या हाताला ‘तीन बहिणी’ म्हणून ओळखले जाणारे तीन प्रचंड कडे, उजव्या हाताला करवतीच्या दात्यांसारखी धार असलेला आवनाख ईगाख हा डोंगर, आणि दोहोंच्या मधून वाहणारी को नदी. पावसाची भुरभुर चालू होती आणि कड्यांवरून शेकडो धारा पांढऱ्या सुतासारख्या लोंबत होत्या. सौ.ने वर पाहून एवढेच म्हटले, “श्रावणातला सह्याद्री कुणी येथे आणून ठेवला?”

दरीतून जाणारा आजचा मोठा रस्ता १९३०च्या दशकात झाला. जुना रस्ता नदीपलीकडे तसाच राहिला, आणि त्या निवांत रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याला टेकून, ‘क्लाखेग इन’ ही पांढऱ्या भिंतींची इमारत उभी आहे. गेलिक भाषेत ‘क्लाख’ म्हणजे दगड. नाव जागेला शोभणारेच आहे. येथे तीनशेहून अधिक वर्षे वाटसरूंची सोय होत आली आहे, असे इनचे सांगणे आहे. मुलांना या जागेची ओळख वेगळ्याच कारणाने असते. हॅरी पॉटरच्या २००४ साली प्रदर्शित झालेल्या तिसऱ्या चित्रपटातील हॅग्रिडच्या झोपडीचा देखावा याच परिसरात उभारला होता. आमच्या जावयांना त्याचे अगत्य अधिक होते. माझे लक्ष वेधले ते स्वागतकक्षातील एका पितळी पाटीने. तिच्यावरील मजकुराचा आशय असा: फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना मज्जाव.

फेरीवाल्यांना बंदी घालणारी पाटी कोणत्याही गावात दिसते. पण एका आडनावाच्या साऱ्या माणसांना दार बंद करणारी पाटी आतिथ्याच्याच घरी का असावी? त्यामागे १६९२ सालची कथा आहे, आणि ती जाणल्यावाचून या दरीत झोपणे म्हणजे पानिपतावरून जाताना खिडकीचा पडदा ओढून घेण्यासारखे होईल.

त्या काळी स्कॉटलंडचे डोंगरी कुळांचे नायक पदच्युत राजा जेम्सचे पक्षपाती होते. नवा राजा तिसरा विल्यम याने फर्मान काढले की, १ जानेवारी १६९२च्या आत प्रत्येक नायकाने राजनिष्ठेची शपथ घ्यावी. ग्लेन्कोच्या मॅकडोनल्डांचा वृद्ध नायक मॅकियन ३१ डिसेंबरला फोर्ट विल्यम येथे हजर झाला. तेथील अधिकाऱ्याला शपथ देण्याचा अधिकार नव्हता; त्याने त्याला इन्व्हरेरीला धाडले. बर्फातून वाट काढीत नायक तेथे पोहोचला, तर शपथ देणारा अधिकारी गावी गेलेला. अखेर ६ जानेवारीला शपथ झाली. या विलंबाचे निमित्त करून, एका कुळाला जरब बसविली म्हणजे बाकीची सरळ होतील, असा बेत राजाच्या स्कॉटलंडविषयक मंत्र्याने आखला.

फेब्रुवारीच्या आरंभी सुमारे १२० शिपाई दरीत आले. त्यांचा प्रमुख ग्लेनलायनचा कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेल. त्याची भाची मॅकियनच्या धाकट्या मुलाला दिलेली, म्हणजे तो सोयराच. किल्ल्यात जागा नाही, तेव्हा काही दिवस आसरा द्यावा, अशी विनंती शिपायांनी केली. मॅकडोनल्डांनी त्यांना घराघरांतून वाटून घेतले. दहा-बारा दिवस शिपायांनी त्यांच्या चुलीवरचे खाल्ले, त्यांच्या शेगडीशी ऊब घेतली, त्यांच्याशी पत्ते खेळले. मग सत्तरीच्या आतील सर्वांना ठार करावे, असा लेखी हुकूम आला. १३ फेब्रुवारीच्या पहाटे पाच वाजता पाहुण्यांनी यजमानांवर शस्त्र उचलले. मॅकियनच्या दारावर थाप पडली, तेव्हा आलेल्यांना काही प्यायला द्या, असे नोकरांना सांगत म्हातारा अंगात कपडे चढवीत होता. त्याच अवस्थेत त्याला गोळी लागली. मृतांची परंपरागत संख्या ३८ सांगतात. याखेरीज बर्फाच्या वादळात डोंगराकडे पळालेली कित्येक बायकामुले थंडीने गारठून मेली, ती वेगळीच.

रणांगणावरच्या कत्तली स्कॉटलंडने याहून मोठ्या पाहिल्या होत्या. तरीही हीच कथा तीनशे वर्षे लोकांच्या मनात सलत राहिली, कारण येथे आतिथ्याचाच घात झाला. डोंगरी मुलखात दाराशी आलेल्याला, तो शत्रू असला तरी, आसरा देणे हा अलिखित कायदा होता. लिखित कायदाही होता. ‘विश्वासाखाली केलेला खून’ हा स्कॉटलंडमध्ये १५८७ पासून राजद्रोहाच्या तोडीचा गुन्हा मानला गेला होता. १६९५ साली चौकशी झाली, स्कॉटलंडच्या संसदेने या हत्यांना खून ठरविले. शिक्षा मात्र कोणालाही झाली नाही. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये यजमान पाहुण्या राजाचा घात करतो. शिवरामपंत परांजपे यांनी त्या नाटकाला ‘मानाजीराव’ हे मराठी रूप दिले, तेही त्यातील पाप आपल्या माणसांना सहज कळण्यासारखे होते म्हणूनच. ग्लेन्कोत ते नाटक उलटे घडले, एवढाच फरक.

या काळोखातही काही ठिणग्या आहेत. दोन तरुण लेफ्टनंटांनी हुकूम पाळण्याऐवजी आपल्या तलवारी मोडल्या, असे परंपरा सांगते. आणखी एक दंतकथा आहे. हुकमाची कुणकुण लागलेला एक शिपाई आदल्या संध्याकाळी आपल्या यजमानासह एका मोठ्या दगडापाशी उभा होता. यजमानाला उघड सांगावे तर शिस्तभंग, न सांगावे तर अन्नाशी बेइमानी. तेव्हा तो दगडाकडे वळून म्हणाला की, या दरीतल्या दगडा, आज रात्री काय होणार हे तुला ठाऊक असते तर तू येथे थांबला नसतास. यजमान समजला आणि रातोरात घरच्यांना घेऊन निघाला. कथेचा खरेखोटेपणा कोणी ठरवावा? पण खाल्ल्या मिठाची जाणीव कशी बोलते, हे सांगायला ती पुरेशी आहे.

ही पार्श्वभूमी मनात घेऊन आम्ही इनच्या मोठ्या दालनात जाऊन बसलो. फरशीवर ओल्या बुटांचे ठसे, भिंतीला टेकवलेल्या गिर्यारोहकांच्या पाठपिशव्या आणि कोपऱ्यात धगधगणारी शेगडी. जून महिना असूनही ती हवीहवीशी वाटत होती. स्कॉटलंडचे गिर्यारोहक ही जागा आपलेच घर समजतात. दिवसभर कड्यांवर झटून आलेली ही मंडळी, ओळख असो वा नसो, बाकावर सरकून एकमेकांना जागा करून देत होती. फळीवर नाना प्रकारच्या व्हिस्कीच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. आमच्या मेजावर मात्र चहाची किटली आली, आणि त्याचे कोणाला नवल वाटले नाही.

भोजनाची चिंता सौ.ला होती, कारण आम्ही दोघे शाकाहारी. स्कॉटलंडचे राष्ट्रीय पक्वान्न हॅगिस म्हणजे मेंढीचे काळीज, फुप्फुस, ओट आणि कांदा यांचे मिश्रण. त्याचे वर्णन ऐकूनच तिने हात जोडले होते. पण १९८४ पासून या देशात डाळी, ओट, कंदमुळे आणि मसाले घालून केलेले शाकाहारी हॅगिस मिळू लागले आहे. ते सलगम आणि बटाटा यांच्या घोटलेल्या लगद्यासह पुढे आले. चव मिऱ्यांची, रूप आपल्या डाळ-ढोकळीच्या चुलत बहिणीचे. सौ.ने पहिला घास साशंकतेने घेतला, आणि दुसऱ्या घासानंतर कृती विचारली.

जेवणानंतर मी स्वागतकक्षातील बाईंना त्या पाटीविषयी विचारले. कॅम्पबेल आडनावाची माणसे आली तर काय करता? त्या हसल्या. ती मंडळी पाटीशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतात आणि मग वर खोलीत जाऊन झोपतात, असे त्यांनी सांगितले. इतिहासकारही आता बजावतात की, हा केवळ दोन आडनावांचा तंटा नव्हता. हुकूम सरकारचा होता, आणि त्या तुकडीतील बहुतेक शिपायांचे आडनाव कॅम्पबेल नव्हते. म्हणजे पाटी राहिली ती आठवण म्हणून; तिच्यातला मज्जाव केव्हाच गळून पडला. वैर विसरायचे नाही, पण चालवायचेही नाही, हा मार्ग मला मोठा शहाणपणाचा वाटला.

आज येथे मिळणारे सुख मात्र फार जुने नाही. स्कॉटलंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या काळी, १४२४ साली, संसदेने कायदा केला की गावोगावी आणि हमरस्त्यांवर वाटसरूंसाठी विश्रामस्थाने असावीत. पण लोक जात ते ओळखीपाळखीच्या घरी. विश्रामस्थानांचे चालक गाऱ्हाणे घेऊन गेले, तेव्हा प्रवाशांनी मित्रांच्या घरी न उतरता विश्रामस्थानातच उतरावे, असा आणखी एक कायदा करावा लागला. घरोघरीचे आतिथ्य आवरण्यासाठी राजाला कायदा करावा लागला, ही गोष्ट वाचून मला त्या लोकांविषयी एकदम आपलेपणा वाटला.

डोंगरी मुलखात तर इन नावालाच असे. १७७३ साली कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन, वयाच्या चौसष्टीच्या उंबरठ्यावर, आपला मित्र बॉझवेल याच्यासह या बाजूस आले. ग्लेनेल्गच्या इनमध्ये त्यांना मांस, दूध, पाव, अंडी यांपैकी काही मिळाले नाही. झोपायच्या बिछान्यातून भट्टीतून निघाल्यासारखा एक काळाकुट्ट माणूस उठून उभा राहिला. डॉक्टरांनी अंगातल्या कोटासकट गवताच्या गंजीवर रात्र काढली. पण त्याच रात्री, परके पाहुणे आल्याचे ऐकून, जवळच्या एका सद्गृहस्थाने त्यांच्याकडे रम आणि साखर पाठविली. इनमध्ये काही नव्हते, माणसांत होते. पुढे १८०३ साली कवी वर्ड्सवर्थ आणि त्यांची बहीण डॉरोथी ग्लेन्कोच्या तोंडाशी असलेल्या किंग्जहाउस इनमध्ये उतरली. तिथल्या दैन्याचे डॉरोथीने सविस्तर वर्णन केले आहे; चादरीदेखील ओल्या असल्यामुळे विस्तवापुढे धरून वाळवाव्या लागल्या.

मग हे पालटले कसे? प्रथम रस्ते झाले, आणि तेही प्रेमापोटी नव्हे. अठराव्या शतकात बंडे मोडण्यासाठी सरकारने डोंगरात लष्करी रस्ते बांधले. जनरल वेड आणि त्याच्यानंतर मेजर कॉलफील्ड यांच्या देखरेखीखाली ते काम झाले, आणि वाटेवर शिपायांच्या उताऱ्यासाठी ‘राजाची घरे’ उभी राहिली. किंग्जहाउस हे नाव त्यातलेच. पाठोपाठ दक्षिणेकडच्या बाजारांना गुरांचे कळप घेऊन जाणारे व्यापारी आले. आपल्या वंजाऱ्यांच्या तांड्यांची आठवण व्हावी असे ते लोक. मग १८१० साली सर वॉल्टर स्कॉट यांचे ‘लेडी ऑफ द लेक’ हे काव्य प्रसिद्ध झाले आणि त्यातली सरोवरे पाहण्यासाठी प्रवाशांची रीघ लागली. १८७३ साली स्वतः राणी व्हिक्टोरिया ग्लेन्को पाहून गेली. १८९४ साली आगगाडी फोर्ट विल्यमला पोहोचली. पाहुणा पैसेवाला झाला, तसा बिछानाही कोरडा झाला.

या इतिहासात गंमतही आहे. १८५३च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये रविवारी मद्यालये बंद झाली. परंतु खऱ्या प्रवाशाला हॉटेलात पेय देण्यास मुभा होती. साहजिकच रविवारी दुपारी या देशातील पुष्कळ सज्जनांना अचानक प्रवासाची ओढ लागे, आणि काही मैल चालून ते शेजारच्या गावी ‘खरे प्रवासी’ म्हणून हजर होत. ही सवलत १९६२ साली कायदा बदलेपर्यंत चालली.

पण या सुखाची एक काळी बाजूही नोंदली पाहिजे. ज्या दऱ्यांतून आज आपण शांततेचे कौतुक करीत हिंडतो, त्या सदैव अशा निर्जन नव्हत्या. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी डोंगरातील हजारो कुळे हुसकून लावली. कोणी शहरांत गेले, कोणी जहाजांत बसून कॅनडाला. जे पाहुण्यांना घरात घेत होते, त्यांना स्वतःचेच घर उरले नाही. डोंगरी मुलखातल्या मोकळ्या दारांची जागा पुढे पुष्कळ ठिकाणी इनच्या एकुलत्या एक दाराने घेतली, ती अशी.

रात्री दहा वाजून गेले तरी खिडकीबाहेर उजेड होता. इंदूरच्या मानाने आम्ही पृथ्वीवर ३४ अंश उत्तरेला होतो. जूनमधला सूर्य तेथे दहानंतर मावळतो आणि मावळल्यावरही प्रकाश रेंगाळतो. खोली लहान, पण नीटनेटकी होती. जाड दुलई, भिंतीशी गरम होणारी लोखंडी जाळी, चहाची सामग्री आणि शॉर्टब्रेड नावाची लोणीदार बिस्किटे. खिडकी उघडण्याची सोय नव्हती असे नाही; पण बाहेर ‘मिज’ नावाची सूक्ष्म चिलटे टपलेली असतात, म्हणून ती मिटलेलीच बरी. ओले कोट आणि बूट वाळत घालण्यासाठी खाली स्वतंत्र उबदार खोली होती. तेथे निरनिराळ्या देशांतल्या माणसांचे डगले खुंट्यांवर शेजारी शेजारी निथळत होते, आणि त्या खोलीवर कोणाचा पहारा नव्हता. डॉरोथीबाईंच्या ओल्या चादरी आठवून मी आमचे मोजेही तेथे टांगले.

अंथरुणावर पडल्यावर मनात आले की, याच दरीत माणसे पाहुण्यांवर विसंबून अशीच झोपली होती. आणि तरीही मला झोप लागली, गाढ लागली. तीनशे वर्षांत या जागी किती परक्यांनी परक्यांच्या छपराखाली रात्र काढली असेल! त्या साऱ्या सुखरूप उजाडलेल्या सकाळींचे पुण्य एका काळ्या पहाटेच्या पापावर हळूहळू साठत गेले असले पाहिजे. एकदा मोडलेला विश्वास शपथेने सांधत नाही. पुन्हापुन्हा पाळूनच तो सांधावा लागतो, आणि त्याला शतके लागतात.

सकाळी न्याहारीला ओटची पेज होती. जुन्या पद्धतीची स्कॉटिश मंडळी ती साखरेऐवजी मीठ घालून घेतात. मला ती ज्वारीच्या आंबिलीची आठवण देऊन गेली. वाढणाऱ्या मुलीने सर्वांना एकच प्रश्न विचारला: झोप नीट लागली ना?

नंतर आम्ही ‘सिग्नल रॉक’ या खडकाकडे पायी गेलो. हत्याकांडाचा इशारा येथूनच दिला गेला, असे लोक मानतात. पुढे गावात १८८३ साली उभारलेला दगडी क्रूस आहे. दर वर्षी १३ फेब्रुवारीला तेथे पुष्पचक्र वाहतात. ही दरी १९३०च्या दशकात गिर्यारोहकांच्या देणग्यांच्या साहाय्याने नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने विकत घेऊन राखली. संस्थेच्या केंद्राजवळ सतराव्या शतकातल्यासारखे एक घर पुन्हा बांधले आहे. विणलेल्या फांद्यांच्या भिंती, त्यांवर गवताच्या मातीचे थर, आणि जमिनीच्या मधोमध चूल. त्या चुलीभोवतीच यजमान आणि शिपाई दहा-बारा रात्री एकत्र बसले असतील.

चुलीवरून आणखी एक गोष्ट कळली. २०२३ साली ग्लासगो विद्यापीठाने मॅकियनशी निगडित असलेल्या एका घराच्या जागी उत्खनन केले, तेव्हा चुलीखाली एका लहान भांड्यात ३६ नाणी सापडली. ती सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून १६८०च्या दशकापर्यंतची आहेत. त्यानंतरचे एकही नाही. कोणी लपविली, कोणासाठी लपविली, हे सांगायला कोणी परतले नाही.

परतीच्या वाटेवर जावयांनी ‘बॉथी’ची माहिती दिली. डोंगरात ओस पडलेल्या मेंढपाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरांपैकी सुमारे १०० घरे १९६५ साली स्थापन झालेली एक स्वयंसेवी संस्था दुरुस्त करून राखते. त्यांना कुलूप नसते, भाडे नसते, रखवालदार नसतो. वाट चुकलेल्याने यावे, चूल पेटवावी, निजावे, आणि जाताना पुढच्यासाठी थोडे सरपण ठेवावे. ऐकताना मला अहिल्यादेवींच्या धर्मशाळा आणि बारवा आठवल्या. त्या बांधताना उद्या पाणी पिणारा कोण, हे कोणी विचारले नव्हते.

आम्ही माळव्यातील मराठी माणसे कधी काळी येथे परगावचे पाहुणे म्हणूनच आलो. या भूमीने ओसरी दिली, पुढे घर दिले. आता कित्येक पिढ्या आम्हीच यजमान आहोत. पण आपल्या घरांत अलीकडे मुक्कामाला येते कोण? लग्नाची वऱ्हाडे हॉटेलांत उतरतात, बहीण-भाऊदेखील खोली आधी राखून ठेवून येतात, आणि कोणाला त्रास नको म्हणून सर्वांनाच ते सोयीचे वाटते. स्कॉटलंडच्या राजाला जे कायद्याने साधता साधले नाही, ते आपण स्वखुशीने करून टाकले. हॉटेलांना दोष देण्याचे कारण नाही. क्लाखेगने आम्हांला शिकविले ते हेच की, बिलाच्या मोबदल्यातही जिव्हाळा देता येतो. परंतु ज्या घरात वर्षानुवर्षे परका श्वास झोपला नाही, त्या घराला आपल्या विश्वासाची परीक्षा देण्याची संधीच मिळत नाही.

तेव्हा जाड दुलई असो वा आजीच्या लुगड्यांची गोधडी, एखादे जादा अंथरूण घरात असू द्यावे. कोणी आले तर त्याला जागा करावी, आणि सकाळी चहाचा कप हातात देताना तोच प्रश्न विचारावा, जो ग्लेन्कोच्या दरीत आणि आपल्या जुन्या वाड्यांत सारखाच विचारला जातो: “जागा नवी होती, झोप लागली ना?”